रिले सेल्फचा, मग हॉर्न का मुका?

मोटारसायकलचा सेल्फ काही दिवस कुरकुरत असतो. बटण दाबलं की नुसतं 'कट' होतं. कधी इंजिन उठतं, कधी नाही. गॅरेजवाला सांगतो, रिले गेलाय. बाजूचं पॅनल उघडतं, काड्यापेटीएवढा जुना रिले निघतो, नवा बसतो, चावी फिरते. आणि काहीच होत नाही. न्यूट्रलचा हिरवा दिवा नाही, हॉर्न नाही, इंडिकेटर नाही, पेट्रोलचा काटा जागचा हलत नाही. सकाळपर्यंत एकटा सेल्फ रुसला होता, आता अख्खी गाडी मेली.

पहिला संशय अर्थातच नव्या पार्टवर जातो. डुप्लिकेट माल गळ्यात मारला! पण जरा थांबा. रिलेचं काम सेल्फ मारण्यापुरतं. तो अगदी कचऱ्यात टाकण्याच्या लायकीचा निघाला, तरी त्यामुळे सेल्फ लागणार नाही, एवढंच. हॉर्ननं त्याचं काय घोडं मारलंय? हॉर्न वाजायलाच हवा. तो वाजत नाही, दिवेही लागत नाहीत, म्हणजे या सगळ्यांकडे जाणारी वीज कुठेतरी एकाच वाटेनं येते आणि ती वाट तुटली आहे. एकटा डावा इंडिकेटर बंद पडला असता तर टाकीखालच्या वायरींचा जुडगा उसवत बसावं लागलं असतं. सगळं एकदम गेलं, म्हणून शोध हातभर जागेत उरतो. अख्खी गाडी बंद पडणं ही म्हटलं तर चांगली बातमी आहे!

ती हातभर जागा समजून घ्यायची तर आधी रिले तिथे कशाला बसवलाय हे बघायला हवं. तुमच्या अंगठ्याखालचं सेल्फचं बटण केवढंसं, त्याच्या वायरी किती बारीक. आणि सेल्फची मोटर? दीडशे-दोनशे सीसीचं थंड इंजिन जागचं हलवताना ती पहिल्या क्षणी ५० ते १०० अँपिअर ओढू शकते. घरात गीझरला जो मोठा सॉकेट लागतो, तो १६ अँपिअरचा. हा प्रवाह बटणातून नेला असता तर बटण अंगठ्यासकट भाजलं असतं.

पहिल्या क्षणीच एवढी हाव का, हाही एक चमत्कारच आहे. फिरणारी मोटर त्याच वेळी वीज निर्माणही करत असते, आणि ती वीज बॅटरीच्या विरुद्ध दिशेला रेटा देते. मोटर जितकी वेगात, तितका हा विरोध मोठा आणि बॅटरीतून येणारा प्रवाह कमी. थांबलेल्या मोटरीकडे विरोध करायला काहीच नसतं, म्हणून बॅटरी तिच्यात अक्षरशः ओतली जाते. मोटर आपली भूक आपणच आवरते, पण त्यासाठी तिला आधी फिरावं लागतं.

मग अंगठ्यानं एवढा प्रवाह चालू-बंद करायचा कसा? बारीक वायरीतून दोन-चार अँपिअर एका गुंडाळीत सोडायचे. गुंडाळीचं चुंबक होतं, ते लोखंडी दांडा खेचतं, दांड्याच्या टोकाची तांब्याची चकती दोन जाड बोल्टांना एकाच वेळी टेकते, आणि मोठा प्रवाह धावतो. तुम्ही ऐकता तो 'कट' आवाज या चकतीचा. लहान प्रवाहानं मोठ्याला हुकूम द्यायची ही कल्पना अमेरिकेतल्या जोसेफ हेन्री यांनी १८३५ च्या सुमारास करून दाखवली. पुढे तिच्या जोरावर तारायंत्राचे संदेश शेकडो मैल गेले. तीच कल्पना आज तुमच्या सीटखाली बसली आहे.

आणि विजेनं इंजिन फिरवायचं कुणाला सुचलं? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारी लोखंडी हँडल फिरवून चालू करत. इंजिन उलट फिरलं की ते हँडल झटका देई आणि मनगट मोडे. विजेची मोटर लावावी हे अनेकांच्या डोक्यात होतं, पण हिशेब जमेना. इंजिनाला फिरवू शकेल अशी मोटर इंजिनाएवढीच मोठी होणार, असं जाणकार सांगत. अमेरिकेतल्या डेटन शहरातल्या चार्ल्स केटरिंग यांनी त्याआधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. गल्ल्याची मोटर दिवसभर फिरत नाही. क्षणभर जोर लावते आणि गप्प बसते. केटरिंगनी ओळखलं की इंजिनालाही एवढंच हवंय. तारा जळायला उष्णता साठावी लागते आणि उष्णता साठायला वेळ लागतो. तो वेळच दिला नाही, तर लहान मोटरीकडून तिच्या ऐपतीच्या कितीतरी पट काम काढून घेता येतं! १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत हा सेल्फ आला, आणि त्याच बॅटरीवर गाडीचे दिवे आणि ठिणगीही आली. सेल्फ आणि दिवे एका ताटात जेवायला बसले ते तेव्हापासून. सेल्फचं बटण सलग दाबून धरू नका, असं मेकॅनिक का बजावतो, तेही इथे कळतं.

आता पुन्हा आपल्या मुक्या गाडीकडे. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून निघालेली जाड केबल पहिल्यांदा पोचते ती रिलेच्या एका बोल्टवर. दुसऱ्या बोल्टवरून ती मोटरीकडे जाते. आणि उरलेल्या गाडीचं काय? हॉर्न, दिवे, ठिणगी, पेट्रोलचा पंप? अनेक मोटारसायकलींत त्यांची वीजही रिलेच्या त्याच पहिल्या बोल्टपासून फुटते, रिलेच्याच अंगावर बसवलेल्या मुख्य फ्यूजमधून जाते आणि रिलेच्याच सॉकेटमधल्या जाड लाल वायरीतून चावीच्या स्विचकडे निघते. म्हणजे रिले बदलणारा माणूस नकळत अख्ख्या गाडीच्या नरड्यावर हात ठेवून काम करत असतो.

मग हॉर्न का गेला याची उत्तरं एकामागून एक समोर येऊन उभी राहतात. नव्या रिलेबरोबर फ्यूज आलाच नव्हता आणि जुना जुन्या रिलेतच कचऱ्यात गेला. किंवा फ्यूज आहे, पण त्याचं एक पातं खाचेत न शिरता बाजूनं वाकलं. किंवा सॉकेट नुसता टेकवला. तो 'टक्' करून बसेपर्यंत दाबलाच नाही. माझ्या मते सगळ्यांत आधी बघावं ते हे सॉकेटचं बसणं, कारण त्याला पैसेही लागत नाहीत आणि पानाही.

किंवा फ्यूज उडालेला असतो, आणि तो का उडाला ही गोष्ट मजेदार आहे. पॉझिटिव्हचा बोल्ट ढिला करताना पान्याचं दुसरं टोक चॅसिसला टेकलं की ठिणगी उडते. चॅसिस बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेली, पाना पॉझिटिव्हवर. बॅटरीची दोन्ही टोकं थेट भेटली. हे रिलेच्या फ्यूजपलीकडच्या बाजूला घडलं तर फ्यूज क्षणात वितळतो. अलीकडच्या बाजूला घडलं तर मध्ये अडवायला कुणीच नसतं, आणि पाना बोल्टला वेल्डिंग केल्यासारखा चिकटू शकतो. म्हणून बॅटरी सोडवताना आधी निगेटिव्ह काढायचं. निगेटिव्ह काढताना पाना चॅसिसला लागला तर? काहीच होत नाही, कारण दोन्ही एकमेकांना आधीच जोडलेले आहेत! आणि निगेटिव्ह एकदा सुटलं की पॉझिटिव्हवरचा पाना कुठेही लागो, विजेला परतायला रस्ताच उरत नाही. नुसता क्रम बदलला आणि तोच पाना निरुपद्रवी झाला. जोडताना अर्थात उलट, निगेटिव्ह शेवटी.

घाईत बॅटरीच्या दोन वायरी उलटसुलट लागल्या तरी बऱ्याच गाड्यांत मुख्य फ्यूज उडतो. चार्जिंगच्या रेक्टिफायरमधले डायोड विजेला एकाच दिशेनं जाऊ देतात. बॅटरी उलटी लागली की नेहमीची बंद दिशा उघडी होते आणि त्यांच्यातून लोंढा वाहतो. फ्यूज आधी गेला तर डायोड वाचतात. नेहमी वाचतातच असं मात्र नाही.

आता एक गंमत लक्षात आली का? मुख्य फ्यूज असतो १५, २० किंवा ३० अँपिअरचा, आणि मोटर तर ५० अँपिअरच्या वर ओढते. मग सेल्फ मारल्यावर तो दर वेळी उडत का नाही? कारण मोटरीचा प्रवाह फ्यूजमधून जातच नाही. तो जाड केबलनं बॅटरी, रिले, मोटर असा थेट जातो.

या एका गोष्टीतून अनुभवी मेकॅनिकची सर्वांत देखणी चाचणी जन्माला येते. गाडी न्यूट्रलमध्ये, चावी बंद, पेट्रोलची गळती नाही याची खात्री, हातात रबरी मुठीचा जाड स्क्रू-ड्रायव्हर. त्यानं रिलेचे दोन्ही बोल्ट क्षणभर एकमेकांना जोडायचे. ठिणगी उडते, ती अपेक्षितच आहे. मोटर घरघरली, तर मेलेल्या गाडीनं केवढं सांगितलं बघा: बॅटरी ठीक, जाड केबली ठीक, अर्थिंग ठीक, मोटर ठीक. दोष बहुधा फ्यूज आणि सॉकेटच्या त्या दोन इंचांत. मोटर हललीच नाही, तर उलट फ्यूजकडे बघायची गरज नाही. बॅटरीची दोन टर्मिनलं आणि अर्थिंग तपासा. एका ठिणगीनं निम्मी गाडी संशयातून मोकळी!

दुसऱ्या निम्म्याकडे वळलो की मात्र मल्टिमीटर फसवायला लागतो. बॅटरीवर मीटर लावला, १२.६ व्होल्ट. पूर्ण चार्ज. शिसं आणि आम्लाच्या एकेका कप्प्यात २.१ व्होल्ट, असे सहा कप्पे. १८५९ मध्ये फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी पहिली अशी बॅटरी केली, तेव्हापासून कप्प्याचा हा आकडा तोच आहे. केबलच्या टोकाला लावला, तिथेही १२.६. रिलेच्या बोल्टवरही १२.६. सगळीकडे वीज 'आहे', मग दिवा का लागत नाही?

कारण मीटर वीज पीतच नाही. साध्या डिजिटल मीटरच्या पोटात एक कोटी ओहमचा अडथळा असतो. वाचन दाखवायला त्याला अँपिअरच्या दहा लाखाव्या भागाएवढा प्रवाह पुरतो. केबलच्या सगळ्या तारा तुटून एक केसाएवढी तार शिल्लक असली, तरी मीटर ऐटीत १२.६ दाखवणार. दोन धातू एकमेकांना टेकतात तेव्हाही असंच होतं. डोळ्यांना गुळगुळीत दिसणारं शिशाचं टर्मिनल सूक्ष्मदर्शकाखाली खडबडीत असतं, आणि त्यावर बसलेली केबलच्या टोकाची कडी, म्हणजे लग, फक्त उंचवट्यांवर टेकलेली असते. बोल्ट आवळला की उंचवटे चिरडतात आणि टेकण्याची जागा वाढते. बोल्ट ढिला राहिला, किंवा मध्ये गंजाचा पापुद्रा आला, की उरतात मोजके ठिपके. कोकण किनाऱ्यावरच्या गाड्यांच्या टर्मिनलांवर येणारी ती पांढरी-हिरवी बुरशी आठवा.

दादर स्टेशनचा जिना दुपारी तीन वाजता बघा. चार माणसं येतात, चार जातात, जिना अरुंद आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. संध्याकाळी एकाच वेळी दोन लोकल रिकाम्या झाल्या की तोच जिना तुंबतो. खराब जोडणीचंही असंच. समजा तिचा अडथळा ०.१ ओहम आहे. हेडलाइट घेतो साधारण ३ अँपिअर, त्याचे ०.३ व्होल्ट वाटेत खर्च होतात, उजेडात फरक दिसतही नाही. आता सेल्फ मारा. ६० अँपिअर मागणारी मोटर, गुणिले ०.१ ओहम, म्हणजे ६ व्होल्ट. निम्मी बॅटरी एका ढिल्या बोल्टवर तापून संपली! म्हणून तर दिवे झकास लागलेले असतात आणि बटण दाबताच सगळा डॅशबोर्ड काळोखा होतो. गुणाकार तिसरीतल्या मुलाचा आहे. त्यामागचा नियम गेऑर्ग ओहम या शाळामास्तरानं १८२७ मध्ये छापला.

हे कळलं की वीज शोधायची रीतच उलटी होते. व्होल्ट कुठे 'आहेत' हे विचारायचं नाही. नसायला हवेत तिथे कुठे आहेत, ते विचारायचं. मीटरची लाल सुई बॅटरीच्या शिशावर टेकवा, काळी सुई त्याच शिशावर आवळलेल्या लगवर. अंतर दोन मिलिमीटर. दोन्ही एकच वस्तू असल्यासारख्या, मग मीटरनं शून्य दाखवायला हवं. आता चावी चालू करून कुणाला तरी बटण दाबायला सांगा. शून्याच्या आसपास राहिलं तर जोडणी निर्दोष. अर्धा व्होल्ट, एक व्होल्ट दिसला, तर तेवढी वीज त्या दोन मिलिमीटरांत अडकली आहे. आणि गाडी पूर्ण मेलेली असताना तिथे चक्क बारा दिसले, तर सगळी बॅटरी तिथेच उभी आहे, पुढे पाऊल टाकत नाही. शोध संपला. पॉलिश पेपर घ्या, घासा, आवळा. याच दोन सुया केबलच्या दोन टोकांना, मग रिलेच्या दोन बोल्टांना, मग इंजिन आणि निगेटिव्ह टर्मिनलच्या मध्ये लावत जायच्या. अदृश्य विजेचा अडथळा असा बोट ठेवून दाखवता येतो, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

इंजिन आणि निगेटिव्हच्या मध्ये का? कारण गाडीतल्या जवळपास प्रत्येक वस्तूला जायला वायर असते, परतायला बहुधा नसते. परतीची वायर म्हणजे गाडीचं लोखंड. चारचाकी मोटारीत इंजिन रबराच्या गाद्यांवर बसलेलं असतं, म्हणजे बॉडीपासून विजेच्या दृष्टीनं तुटलेलं. त्यांना जोडते ती तारांची विणलेली चपटी पट्टी. स्टार्टर बदलताना ती सोडली आणि परत लावायची राहिली, तर शेकडो अँपिअर परतीची दुसरी वाट शोधतात. क्लचची किंवा अ‍ॅक्सिलरेटरची लोखंडी केबल सापडली तर तिच्यातून जातात, ती तापते आणि तिचं प्लॅस्टिकचं वेष्टण वितळतं. क्लचच्या केबलमधून धूर निघतोय आणि दोष आहे अर्थिंगच्या एका बोल्टात! माहीत नसेल तर कुणाच्या लक्षात येणार?

मोटारीचा विषय निघालाच आहे, तर तिच्या स्टार्टरच्या पाठीवर बसलेल्या सोलेनॉइडबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यात दोन गुंडाळ्या असतात. दांडा दूर असताना खेचायला पुष्कळ जोर लागतो, म्हणून एक दणकट. एकदा खेचला की धरून ठेवायला थोडा पुरतो, म्हणून दुसरी नाजूक. काम झाल्यावर दणकट गुंडाळी बंद व्हायला हवी, नाहीतर ती फुकट वीज खाईल आणि तापेल. तिला बंद कोण करतं? कुणीच नाही. तिचं एक टोक चावीच्या वायरीला, दुसरं मोटरीच्या टर्मिनलला जोडलेलं असतं. दांडा आत जाऊन मुख्य संपर्क जुळला की मोटरीच्या टर्मिनलवरही बॅटरी येऊन पोचते. आता गुंडाळीच्या या टोकाला बारा व्होल्ट आणि त्या टोकालाही बारा. फरक नाही, म्हणून प्रवाह नाही. काम फत्ते होणं हाच तिचा स्विच!

पुढचं तर याहून भारी. चावी सोडता त्या क्षणी मुख्य संपर्क अजून जुळलेलाच असतो. वीज मोटरीच्या टर्मिनलकडून दणकट गुंडाळीत उलटी शिरते आणि तिथून नाजूक गुंडाळीतून अर्थला जाते. एकीत दिशा उलटी, दुसरीत सुलटी, आणि वेढे दोन्हींना सारखेच. दोघींचं चुंबकत्व एकमेकांना पुसून टाकतं आणि स्प्रिंग दांडा बाहेर फेकते. यासाठी एकही जादा पार्ट लावलेला नाही. तारेची दोन टोकं कुठे जोडायची, एवढाच सगळा विचार.

टर्मिनल ढिलं असताना येणारा तो 'कट-कट-कट' आवाजही याच रचनेतून येतो. दांडा आत जातो, मोटर प्रवाह ओढते, ढिल्या जोडणीवर व्होल्ट कोसळतात, नाजूक गुंडाळीच्या हातून दांडा निसटतो. मोटर सुटली की व्होल्ट परत येतात, चावी तर फिरवलेलीच आहे, दांडा पुन्हा आत. जुन्या विजेच्या घंटेचा ठोकाही असाच पडायचा. तेव्हा कट-कट ऐकू आली की बदललेल्या पार्टला दोष देण्याआधी टर्मिनल हलवून बघा.

या सगळ्या धावपळीत खुद्द इलेक्ट्रॉन किती धावतात? सेल्फच्या जाड केबलमध्ये ते सेकंदाला एक मिलिमीटरही पुढे सरकत नाहीत. तुम्ही दोन सेकंद सेल्फ मारता, इंजिन उठतं, आणि बॅटरीतून निघालेला इलेक्ट्रॉन जेमतेम लगच्या बाहेर आलेला असतो. मोटर फिरवली ती तिच्या तारेत आधीपासून असलेल्या इलेक्ट्रॉनांनी. सगळे एकदम हलले, कारण ढकलण्याचा निरोप जवळपास प्रकाशाच्या वेगानं पोचला. म्हणून तर वाट पूर्ण असावी लागते. एका ठिकाणी फट पडली की साऱ्या वाटेवरचे इलेक्ट्रॉन एकाच वेळी थांबतात, फटीच्या अलीकडचेही आणि पलीकडचेही.

पूर्वी निदान किक असायची. आता अनेक गाड्यांना किकच नसते, आणि इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा पंपही विजेवर चालतो. ढकलून चालू करायची म्हटलं तरी मुख्य फ्यूज शाबूत लागतो. तेव्हा नवा फ्यूज घातला आणि तोही फट्कन उडाला, तर त्याच्या जागी जाड तार गुंडाळू नका. तार वाचेल आणि वायरिंग जळेल. त्याऐवजी चावी बंद ठेवून फ्यूजच्या दोन खाचांमध्ये इंडिकेटरचा किंवा ब्रेकलाइटचा २१ वॉटचा बल्ब जोडा. शॉर्ट कितीही मोठा असला तरी बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपासच जाऊ देतो, त्यामुळे काही जळत नाही, आणि शॉर्ट असेपर्यंत तो लख्ख पेटलेला राहतो. मग वायरिंग एकेका वीतभर जागी हलवत चला: रिलेपाशी, सीटखाली, हँडलच्या वळणापाशी. बल्ब विझला की हात जिथे असेल, तिथलीच टेप सोडून बघायची.